ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल अचानक गळायला लागलं तर

गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं की बरेच जण आधी स्टार्ट करून गिअर टाकून बघतात, गाडी पुढे सरकली म्हणजे फार काही झालेलं नाही असं धरतात आणि तशीच चालवत गॅरेजला आणतात. कृपया असं करू नका. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं, त्याच्या प्रेशरवर आतले क्लच दाबले जातात, टॉर्क कन्व्हर्टर त्याच्यातूनच इंजिनची ताकद पुढे देतो आणि गिअरबॉक्सची गरमी पण तेच बाहेर नेतं. ऑइल कमी होऊन पंपाने हवा ओढली की प्रेशर पडतं, क्लच घसरतात आणि घसरलेले क्लच जळतात, मग जे काम एका सीलवर भागलं असतं त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलतेय, रेस वाढते पण स्पीड वाढत नाही, घूं घूं आवाज येतोय, जळका वास येतोय, यातलं एक जरी जाणवलं तरी तिथेच बाजूला घेऊन बंद करा.

आधी हे ऑइल गिअरबॉक्सचंच आहे का ते बघा

पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब घ्या. गिअरबॉक्सचं नवं ऑइल बहुतेक गाड्यांत लाल असतं, वापरून वापरून तपकिरी होतं. इंजिन ऑइल मधासारखं किंवा काळं, कूलंट पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं, आणि एसीचं असेल तर ते साधं पाणीच. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, कारण जुन्या बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टीअरिंगला पण तेच लाल ऑइल असतं (त्याची बाटली आधी तपासा, उगाच गिअरबॉक्सवर आळ नको) आणि सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) किंवा काही नव्या गिअरबॉक्सचं ऑइल हिरवट-पिवळट पण असतं.

कुठे पडलं यापेक्षा कधी पडलं ते सांगा

थेंब जिथे पडतो तिथेच लीक असतो असं नाही. गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे पसरतं, वरून गळलेलं ऑइल ओघळत चेंबरच्या (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन टपकतं आणि मग सगळे चेंबरचं पॅकिंग बदलायच्या मागे लागतात. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की गाडी चालू असताना गळतं की उभी असताना?

चालू असतानाच गळत असेल आणि अचानक भरपूर गेलं असेल तर आमचा पहिला संशय कूलरच्या पाइपवर. गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे ऑइल नेणारे हे पाइप, यांच्यात रबरी हौज जिथे धातूच्या नळीवर दाबून बसवलेला असतो तो जोड वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन सैल पडतो, बोट फिरवलं तर त्या कड्याभोवती ओलं लागतं. इंजिन बंद केलं की प्रेशर जातं आणि गळणं थांबतं, त्यामुळे पार्किंग जवळजवळ कोरडं आणि गिअरबॉक्स मात्र अर्धा रिकामा, असं होऊ शकतं.

उलट, दिवसभर कोरडी आणि सकाळी थारोळं, हे लोकांना पटतच नाही. गाडी उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं आणि तिथली लेव्हल नेहमीपेक्षा वर चढते, मग एरवी लेव्हलच्या वर असलेल्या जागा, म्हणजे गिअर सिलेक्टरच्या शाफ्टचं सील, वायरिंग कनेक्टरची ओरिंग, डिपस्टिकच्या नळीचं बूड, या गळायला लागतात. यात गाडी रात्रभर उभी ठेवूनच बघावं लागतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून टपकत असेल तर पंपाचं पुढचं सील किंवा इंजिनचं मागचं सील, आणि दोन्हीसाठी बहुतेक वेळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून नक्की झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं असेल तर ड्राइव्हशाफ्टचं सील. चेंबरला दगड लागला असेल तर ते दिसतंच, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत चेंबर प्लॅस्टिकचं असतं, ते चिरलं की बदलायचंच. नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर ड्रेन प्लगचा वॉशर बघायचा, आणि ऑइल जास्त भरलंय का ते पण, कारण जास्त भरलं की फेस होऊन वरच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या नळीतून) बाहेर येतं, तिथे काही तुटलेलं नसतं, लेव्हल बरोबर केली की झालं.

खाली एक थेंब नाही तरी ऑइल कमी होतंय, आणि कूलंटच्या टाकीत गुलाबी दुधासारखं काही दिसतंय? मग रेडिएटरमधला कूलर आतून फुटून दोन्ही एकमेकांत मिसळलंय. गाडी अजिबात स्टार्ट करू नका, कूलंटने क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटतं.

आम्ही आधी सगळा भाग धुऊन कोरडा करतो, ऑइल गरम होईपर्यंत गाडी चालवतो, मग लिफ्टवर घेऊन बघतो. तरी सापडलं नाही तर ऑइलमध्ये डाय (यूव्ही लाइटखाली चमकणारा रंग) टाकून यूव्ही लाइटखाली बघतो. न धुता दिलेलं उत्तर हा अंदाजच असतो, त्यामुळे गाडी एक रात्र ठेवून घेतली तर कृपया समजून घ्या. गळती थांबवणारं केमिकल आम्ही टाकत नाही, ते रबर फुगवून थोडे दिवस भागवतं, चिरलेल्या पाइपला त्याचा काही उपयोग नाही. चेंबरचे बोल्ट घरी आवळू नका, ते बहुतेक ठिकाणी साधारण 10 न्यूटन-मीटरवरच बसवायचे असतात, जास्त आवळले की पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

घरी टॉपअप पण नको. बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते, इंजिन चालू ठेवून ऑइल ठरलेल्या तापमानाला, बऱ्याचदा 35 ते 45 डिग्रीला, आल्यावर लेव्हल प्लग उघडून बघायची असते. आणि डेक्सरॉन (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल), सीव्हीटीचं, ड्युअल क्लचचं, ही ऑइलं एकाच्या जागी दुसरं चालत नाहीत.

टो करायची तर फ्लॅटबेडवरच, गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो, त्यामुळे चाकं फिरत ओढत आणलं तर आत ऑइल पोचत नाही. खालून धूर येत असेल तर ऑइल गरम सायलेन्सरवर पडत असू शकतं आणि ते पेट घेतं, इंजिन बंद करून सगळे बाहेर पडा.

फोन कराल तेव्हा एवढं तयार ठेवा: थारोळ्याचा फोटो, पुसायच्या आधीचा, चाक दिसेल असा लांबून, शेवटचं काम काय आणि कधी झालं, खाली काही आपटलं होतं का. आणि गाडी आणायच्या आधी खालून धुऊन घेऊ नका, ते आम्ही बघून झाल्यावर करतो.