वाइनच्या पेल्यात सावद्याची केळी

फेब्रुवारीत मामांना घेऊन दिंडोरीकडच्या एका छोट्या वाइनरीत गेलो होतो. मामांची सावद्याजवळ केळीची बाग. वाइन त्यांनी कधी चाखली नव्हती आणि नुसता वास घ्यायचा, असं ठरवूनच ते निघाले होते. वाइनरीच्या मालकांनी टाकीच्या तोटीतून नुकतीच आंबून झालेली, शेनिन ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन पेल्यात काढून दिली. मामांनी पेला नाकाशी नेला आणि लगेच माझ्याकडे वळले. "अरे, यात त केयाचा वास येतो!"

टाकीत द्राक्षाचा रस आणि यीस्ट यांखेरीज काही नव्हतं. तरीही मामांचं नाक शंभर टक्के बरोबर होतं.

पिकलेल्या केळ्याचा जो ओळखीचा वास आहे, तो मुख्यतः एका रेणूचा: आयसोअमाइल ॲसिटेट. यीस्ट रसातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, हे आपण शाळेत शिकतो. पण यीस्टला वाढायला नायट्रोजनही लागतो. तो ते रसातल्या अमिनो आम्लांमधून काढून घेतं. ल्युसिन या अमिनो आम्लातला नायट्रोजन काढला की उरलेल्या सांगाड्यापासून आयसोअमाइल अल्कोहोल तयार होतं आणि त्याला ॲसिटिक आम्लाचा तुकडा जोडला गेला की केळ्याचा वास जन्मतो. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं: केळं पिकताना तेही ल्युसिनपासूनच हा रेणू घडवतं. एक झाडावरचं फळ, दुसरी डोळ्यांना न दिसणारी बुरशी. कच्चा माल एकच आणि वासही एकच.

मामांनी टाकीला हात लावून पाहिला. थंडगार. पांढरी वाइन साधारण १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतात. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडत असतं, म्हणून टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी किंवा तसाच द्रव फिरवत ठेवावा लागतो. टाकी तापली तर आंबणं झपाट्याने होतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे जोरात उसळतात आणि हे हलके, उडून जाणारे वास सोबत घेऊन जातात. मामांना हे समजवावं लागलं नाही. केळी पिकवायच्या चेंबरमध्येही तापमान सांभाळावंच लागतं.

यीस्ट हा वास का बनवतं? केळीचा घड घरात टांगला की चिलटं कुठून येतात कोण जाणे, पण येतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की हे वास तयार करणारं एटीएफ-१ नावाचं जनुक यीस्टमधून काढून टाकलं, तर चिलटं त्याच्याकडे कमी ओढली जातात. यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत. वासाने चिलटाला बोलवायचं आणि त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फळावर जायचं, हा त्याचा प्रवास. मधमाश्यांच्या जगात मात्र हाच रेणू धोक्याची हाक आहे. डंख मारणारी माशी तो सोडते आणि बाकीच्या चवताळतात. म्हणून मधपेट्यांजवळ केळं खाऊ नये, असं मधपाळ सांगतात.

टेस्टिंग रूममधल्या माहितीपत्रकांत गूजबेरी, ब्लॅककरंट असे शब्द असतात. ते वाचून आपल्याकडची माणसं बिचकतात, आणि याचं मला वाईट वाटतं. काळा मसाला भाजताना कोणता जिन्नस करपायला लागलाय, हे चुलीपासून दहा हात लांबून सांगणारी आमच्या खान्देशातली नाकं कमी कशी असतील? शिराझ या लाल वाइनमध्ये कधी काळ्या मिरीचा वास येतो, तो रोटंडोनचा. खऱ्या मिरीतही तोच असतो. हा रेणू काही लोकांना अजिबात जाणवत नाही, तो त्यांच्या नाकाच्या घडणीचा भाग आहे. सोविन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर तो पायराझिनचा, आणि मिरचीतही तोच. आपल्या स्वयंपाकघरातला शब्द वापरा, तो चूक ठरत नाही. घोट घेतलात तर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चव म्हणून जे आपण ओळखतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात पोचलेल्या वासाचं असतं.

जायचंच तर जानेवारी ते मार्चमध्ये, द्राक्षतोडणीच्या दिवसांत, आणि आधी फोन करून छोट्या वाइनरीत जा. तिथे बहुधा वाइन बनवणारा माणूसच समोर उभा असतो आणि टाकीतली ताजी वाइन पुढे करतो. दुकानातल्या बाटलीत ही गंमत सहसा सापडत नाही.

का, ते मालकांनी निघताना दाखवलं. त्याच द्राक्षाची दोन वर्षांपूर्वीची बाटली उघडली. मामांनी पेला दोनदा नाकाशी नेला. "यात नाही. यात मध आहे."

बाटलीतल्या आम्लात आयसोअमाइल ॲसिटेट हळूहळू पुन्हा आपल्या दोन तुकड्यांत मोडत जातं आणि जुन्या शेनिनचे मधासारखे वास वर येतात. उष्णतेत हे मोडणं वेगाने होतं. मामांनी मामींना दाखवायला म्हणून ताज्या वाइनची एक बाटली घेतली. मी त्यांना सांगितलं, मे महिन्याच्या आत उघडा, आणि तोवर पाण्याच्या माठाशेजारी, अंधारात आडवी ठेवा.