संप भावाचा, मोर्चा जमिनीचा

जून 2017 मध्ये शेतकऱ्यांनी संप केला. रस्त्यांवर दूध ओतलं गेलं, शहरांकडे निघालेले भाजीचे ट्रक अडवले गेले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेली हजारो माणसं लाल टोप्या घालून मुंबईपर्यंत चालत आली. मध्ये जेमतेम नऊ महिने गेले. शहरातल्या माणसाला आज विचारलं, तर दोन्हींबद्दल एकच उत्तर मिळतं: शेतकऱ्यांचं आंदोलन होतं, कर्जमाफीसाठी.

ही सरमिसळ मला खुपते. दोन्ही वेळा गावातली अडलेली माणसं मंत्रालयाकडे तोंड करून उभी होती, हे खरं. पण पहिल्या आंदोलनाचं भांडण भावाशी होतं आणि दुसऱ्याचं जमिनीवर कुणाचं नाव लागणार याच्याशी. कर्जमाफी हे पहिल्याला मिळालेलं अर्धंमुर्धं उत्तर होतं. दुसऱ्याला तेच उत्तर दिलं, तर ज्याला बँकेने कधी दारात उभं केलं नाही त्याच्या हाती काहीच पडत नाही.

आधी संप. त्याची सुरुवात अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याची. एप्रिल 2017 मध्ये तिथल्या ग्रामसभेत ठरलं की 1 जूनपासून शहरांना माल द्यायचा नाही, घरापुरतंच पिकवायचं. मागण्या होत्या सरसकट कर्जमाफी, उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव, दुधाला लिटरला 50 रुपये, साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला पेन्शन. खर्च अधिक पन्नास टक्के हे सूत्र राष्ट्रीय शेतकरी आयोगाचं. एम. एस. स्वामिनाथन त्याचे अध्यक्ष होते, म्हणून गावोगावी ते 'स्वामिनाथन' याच नावाने ओळखलं जातं. संपाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीनंतर संपाच्या कोअर कमिटीतल्या काहींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं, बाकीच्यांनी ते धुडकावलं आणि आंदोलन आणखी पेटलं. 24 जूनला सरकारने 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखाच्या मर्यादेची.

या भांडणाचं मूळ पुणतांब्याहून जुनं आहे. 1978 मध्ये चाकणला शरद जोशींनी आणि 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात त्यांच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि ऊस घेऊन रस्ता रोखला, तेव्हाच 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आली. जोशींची मांडणी सरळ होती. शहरात धान्य, भाजी आणि कारखान्यांचा कच्चा माल स्वस्त राहावा म्हणून सरकार शेतमालाचे भाव पाडून ठेवतं, आणि हेच 'इंडिया' आणि 'भारत' यांच्यातलं भांडण आहे. सगळ्या तपशिलांत मी त्यांच्याशी सहमत नाही. पण कांद्यापुरतं तरी त्यांचं म्हणणं आजही जसंच्या तसं खरं ठरतं. सप्टेंबर 2020 मध्ये निर्यातबंदी, ऑगस्ट 2023 मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, त्याच वर्षी 8 डिसेंबरला पुन्हा निर्यातबंदी. दर वेळी कारण एकच, शहरातला किरकोळ भाव. 1998 मध्ये दिल्लीतल्या सत्ताधाऱ्यांना कांद्याने रडवलं, तेव्हापासून कुठल्याही पक्षाच्या सरकारने शहरी मतदाराच्या ताटातला कांदा महाग होऊ द्यायची जोखीम घेतलेली नाही. बंदीची बातमी आली की दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव कोसळतो. कांदाचाळीत महिनोन् महिने सांभाळलेल्या मालाचे पैसे एका अधिसूचनेत निम्मे होतात. गाव विरुद्ध शहर हे शब्द इथे अगदी नेमके बसतात, कारण एकाचा फायदा खरोखरच दुसऱ्याच्या खिशातून काढलेला असतो.

आता लाँग मार्च. 6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभा या डाव्या शेतकरी संघटनेचा मोर्चा निघाला आणि सुमारे 180 किलोमीटर चालून 11 तारखेला मुंबईत पोचला. शीवच्या सोमय्या मैदानात मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून, दिवसभर चाललेली तीच माणसं रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाली. मुंबईकरांनी पाणी दिलं, खाणं दिलं, चपला दिल्या. सोललेल्या तळपायांचे फोटो देशभर गेले. ते तळपाय ज्यांचे होते ते नेमकं काय मागत होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

मागण्यांच्या यादीत कर्जमाफी होती, हमीभावही होता. पण चालणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या पट्ट्यातल्या आणि पालघर-ठाण्याच्या आदिवासींचा होता, आणि त्यांची पहिली मागणी होती वनजमिनीचा पट्टा, म्हणजे कसत असलेल्या जमिनीच्या हक्काचा कागद. 2006 च्या वनहक्क कायद्याने सांगितलं आहे की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो आहे त्याचा हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. दावा ग्रामसभेकडे करायचा. तिथून तो उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. कायदा आला तेव्हा पाळण्यात असलेली पोरं मोर्चाच्या वेळी सहावी-सातवीच्या वयाची झाली होती, आणि बापाचा दावा अजून कुठल्या तरी टेबलावर होता.

कागदावर बोट ठेवून पाहा

फरक समजून घ्यायचा तर दोघांचे कागद शेजारी ठेवावेत.

पुणतांब्याकडच्या बागायतदाराचा सातबारा घ्या. डाव्या बाजूला भोगवटादार म्हणून त्याचं नाव, भावकीची नावं, गट नंबर, क्षेत्र. उजवीकडे 'इतर हक्क' असा रकाना असतो. त्यात विकास सोसायटीचा बोजा, एखाद्या बँकेचं तारण, कधी पाइपलाइनचं कर्ज. माणूस मालक आहे, पण त्या रकान्याने त्याचा गळा धरला आहे. भाव पडला की बोजा फिटत नाही, बोजा फिटला नाही की नवं पीककर्ज मिळत नाही. कर्जमाफीचा अर्थ इतकाच की त्या रकान्यातली एक ओळ खोडली जाते.

आता सुरगाण्यातल्या दावेदाराची फाईल. सातबारा काढला तर मालक वनखातं. फाईलमध्ये असतात त्या वनखात्यानेच बापाला किंवा आजाला अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब, ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा. गुन्हेगार ठरवून फाडलेली पावती हाच इथे जमीन कसत असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा, म्हणून ती पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतात. एवढं करूनही कसतात एकरांत आणि मंजूर होतं गुंठ्यांत, ही तक्रार मोर्चात जागोजागी ऐकू आली. ज्यांना पट्टा मिळाला त्यांचं नाव अनेकदा सातबाऱ्यावर लागतं ते 'इतर हक्क' याच रकान्यात. म्हणून 2023 च्या मोर्चातली मागणी फार नेमकी होती: कसणाऱ्याचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे भोगवटादाराच्या रकान्यात, लावा.

एकाचं कर्ज ज्या रकान्यात बसलं आहे, त्याच रकान्यात दुसऱ्याचं नाव अडकलं आहे. कब्जेदार सदरी नाव नाही, तर पीककर्जासाठी तारण काय दाखवणार? घरात अडचण आली की हा माणूस दुकानदाराकडे जातो, सावकाराकडे जातो किंवा मुकादमाकडून उचल घेतो. सरकारने जाहीर केलेली कुठलीही माफी सावकाराच्या वहीपर्यंत पोचत नाही.

एक गोष्ट मात्र वनहक्काच्या कागदात सातबाऱ्यापेक्षा चांगली आहे, आणि ती सांगायलाच हवी. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, कायद्यातच तसं लिहिलं आहे. बागायती पट्ट्यातल्या सातबाऱ्यांवर बायकांची नावं यावीत म्हणून शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'ची वेगळी मोहीम काढावी लागली होती.

अडवण्यासारखं काय आहे?

दोन्ही आंदोलनांची रीत वेगळी का, याचंही उत्तर इथेच मिळतं. संप करणाऱ्याकडे शहराला हवं असलेलं काहीतरी असतं. त्याने दूध अडवलं तर दुसऱ्या सकाळी शहराचा चहा अडतो, भाजी अडवली तर वाशीत भाव चढतात. सरकारला तीन दिवसांत पहाटेपर्यंत बैठक घ्यावी लागते ती यामुळे. डोंगरातल्या आदिवासीच्या वरई-नागलीवाचून मुंबईचं काही अडत नाही. त्याच्याकडे रोखून धरायला माल नाही, म्हणून त्याला स्वतः चालत शहरात यावं लागतं, दिसावं लागतं. तो दिसला की शहर हेलावतं, हे 2018 मध्ये आपण पाहिलं. पण शहर हेलावतं एक रात्र आणि दावा निकाली निघायला लागतात वर्षं.

या माणसांकडून शहर घेतं ते पाणी. मुंबईला पाणी पुरवणारे भातसा, तानसा, वैतरणा हे जलाशय शहापूर-मोखाड्याच्या बाजूला आहेत, आणि उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. 2018 च्या मागण्यांत पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी गुजरातकडे वळवायला विरोध होता, तो याच अनुभवातून. पाणी मात्र नळाने जातं, त्याचा नळ बंद करणं पाड्यावरच्या माणसाच्या हाती नाही.

आणखी एक गुंता आहे, आणि शेतकरी नेत्यांना तो बोलायला आवडत नाही. द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), काढणीला दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये जे मजूर येतात ते सुरगाणा-पेठचेच. भावासाठी रस्त्यावर उतरलेला बागायतदार आणि पट्ट्यासाठी मुंबईपर्यंत चाललेला माणूस यांचं वर्षातले काही महिने मालक-मजुराचं नातं असतं. तिथे मजुरीचा दर हा त्या दोघांतला वाद, शहराचा त्यात काही संबंध नाही. 2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे 11.9 कोटी आणि शेतमजूर सुमारे 14.4 कोटी होते. म्हणजे 'शेतकरी' हा एकच शब्द वापरून आपण बोलतो, तेव्हा शेतीवर राबणाऱ्यांतला निम्म्याहून मोठा हिस्सा बाहेरच राहतो. जोशींचं याला उत्तर असं होतं की मालाला भाव मिळाला की मजुरीही वाढेल. ते काही ठिकाणी खरं असेलही. पण कांद्याला कितीही भाव आला, तरी त्यातून सुरगाण्यातल्या माणसाच्या नावे वनजमीन होत नाही.

'शेतकरी संप' हे नावसुद्धा दोन्हीकडे लागलेलं आहे. महाराष्ट्रातला पहिला गाजलेला शेतकरी संप अलिबागजवळच्या चरीचा. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि 1939 पर्यंत चालला. तिथे कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायचं नाकारलं. शहरात माल पाठवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता गावातल्याच खोताचा. पुढे 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते याच लढ्याच्या पाठबळावर. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांबरोबर उभे राहिलेले वारली वेठबिगारीविरुद्ध लढले, 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाँग मार्च या घराण्यातला आहे, आणि पुणतांबे चाकणच्या.

म्हणून माझं म्हणणं असं: दोन्ही बाजू खऱ्या आहेत, दोघांनाही शहराने आणि सरकारने तोलूनमापून फसवलेलं आहे, पण एकाच्या मागणीने दुसऱ्याची मागणी झाकली जाऊ नये. सध्या झाकली जाते ती कायम जमिनीचीच. भावाची मागणी पैशात मोजता येते, घोषणा करता येते, अर्थसंकल्पात आकडा टाकता येतो. पट्ट्यासाठी वनखात्याला आपल्या ताब्यातली जमीन सोडावी लागते, आणि कुठलंही खातं ते खुशीने करत नाही.

2023 च्या मार्चमध्ये हे दोन्ही प्रवाह एकाच मोर्चात आले. दिंडोरीहून किसान सभेचा मोर्चा पुन्हा निघाला, या वेळी यादीत कांद्याला क्विंटलमागे 600 रुपये अनुदान आणि वनजमिनीचा प्रश्न असं दोन्ही होतं. कांदा तेव्हा मातीमोल झालेला होता. मोर्चा ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला थांबला, वाटाघाटी झाल्या. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केलं. ते एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत, आणि सातबाऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद असेल तर. ज्याचा स्वतःचा सातबाराच नाही, त्याला ही अट कशी पुरी करायची हे कुणी सांगितलं नाही. वनजमिनीसाठी एक समिती नेमली आणि तिला अहवाल द्यायला एक महिन्याची मुदत दिली.