क्यूआर लावला की कमिशन कापते?

आमच्याकडे कोणी नवा पानठेला टाकला की हमखास ऐकू येते, क्यूआर नको लावू बाप्पा, शंभरामागं दोन रुपये कापते. तसं नाही. गिऱ्हाइकानं बँक खात्यातून यूपीआय केलं तर दुकानदाराले चार्ज नाही, जानेवारी 2020 पासून हेच चालू आहे. क्रेडिट कार्ड किंवा वॉलेटमधून मोठी रक्कम आली तर हिशेब वेगळा. पण गैरसमज बहुतेक पैसे आले की बोलणाऱ्या डब्ब्यानं (साउंडबॉक्सनं) होते, त्याचं महिन्याचं भाडं खात्यातून परस्पर जाते अन् तेच कमिशन वाटते (डब्बा नाही घेतला तरी चालते म्हणा). पाहायचं असंन तर एका दिवसाची ॲपमधली बेरीज लिहून ठेवा, पासबुकात एंट्री मारून आणा अन् जुळवा, त्या दिवशी भाडं कापलं असंन तर तेही समजन.