‘के’ एकेकाळी वाजत होता

गेल्या आठवड्यात भाचीला डिक्टेशनसाठी दहा शब्द पाठ करायला होते, सगळे ‘के-एन’ने सुरू होणारे. नाइफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणं, नीड म्हणजे कणीक मळणं, असे. ‘नॉट’ लिहिताना तिने ‘के’ गाळला आणि गाठीचं ‘नाही’ झालं. वहीत त्याभोवती लाल गोल होता. “वाजत नाही तर लिहायचा कशाला?” तिने विचारलं. “सायलेंट आहे, पाठ कर,” हे उत्तर मी लहानपणी ऐकलं होतं. तिला तेच द्यावंसं वाटलं नाही, कारण खरं उत्तर पाठांतरापेक्षा कितीतरी सोपं आहे: तो ‘के’ वाजत होता म्हणून लिहिला गेला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे शब्द ‘क्न’ असेच उच्चारले जात. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतो आणि गाठीला ‘क्नोटन’. इंग्रजांच्या तोंडून हा ‘क’ सतराव्या शतकाच्या सुमारास गळत गेला. यातले दोन शब्द तर जोडीने बघावेत. घोड्यावरचा सरदार तो नाइट, जुन्या इंग्रजीत ‘क्निख्त’. आणि लबाड माणूस तो नेव्ह, पूर्वीचा ‘क्नाफा’. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, मुलगा. पुढे दोन्ही शब्द चाकरासाठी वापरले जाऊ लागले. एक चाकर राजाच्या पदरी राहून सरदार झाला, दुसरा अर्थाने घसरत लबाड ठरला. पत्त्यांतल्या ज्या पानाला आपण गुलाम म्हणतो, त्याचं जुनं इंग्रजी नाव नेव्हच.

मराठी वाचकासाठी मात्र या यादीतला सगळ्यात मोलाचा शब्द ‘नो’, म्हणजे जाणणं. त्याचा ‘के-एन’ आणि आपला ‘ज्ञ’ एकाच मुळातून फुटलेले आहेत. संस्कृतातला ‘ज’, लॅटिनमधला ‘ग’ आणि इंग्रजीतला ‘क’ अशी ही नियमित साखळी आहे. जर्मन घराण्यातल्या भाषांमधल्या अशा व्यंजनबदलांचा नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. ‘नी’चं नातंही त्याच साखळीतून ‘जानु’शी जुळतं, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात त्या आजानुबाहूतल्या जानुशी. आणि ‘ज्ञ’ लिहिताना तरी आपण कुठे ज् अधिक ञ म्हणतो? मराठी तोंडात त्याचा ‘द्न्य’ झाला, हिंदीत ‘ग्य’. अक्षर जागेवर राहिलं, उच्चार पुढे निघून गेला. इंग्रजीत झालं ते याहून फार वेगळं नाही.

‘जी-एच’ची गोष्ट जरा गुंतागुंतीची. रात्रीला जुना इंग्रज ‘निख्त’सारखं काहीतरी म्हणे, ‘ख’ घशातून घासत. जर्मनमध्ये ती ‘नाख्ट’ आहे, स्कॉटलंडच्या बोलीत ‘निख्त’, आणि संस्कृतात ‘नक्त’, रात्री जेवून सोडायच्या नक्तव्रतातला. एट म्हणजे आठ, त्याचा भाऊबंद ‘अष्ट’. डॉटर म्हणजे मुलगी, तिची बहीण ‘दुहिता’. तो घासलेला आवाज आधी नुसत्या ‘एच’ने दाखवत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती लेखणी गेली. पुढच्या शतकांत त्या आवाजासाठी ‘जी-एच’ रूढ झालं. मग आवाजच विरला. बऱ्याच शब्दांत तो पुरता गेला. लाफ, कफ, रफ, टफ, इनफ अशा काहींत मात्र त्याचा ‘फ’ झाला. हसणं, खोकला, खरखरीत, चिवट, पुरेसं हे पाच अर्थ एकत्र पाठ केले की निदान ‘फ’ची टोळी हाती लागते.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. तेव्हा उच्चार अजून हलत होते, स्वर तर भराभर बदलत होते, आणि छपाईने मात्र हळूहळू एकेक स्पेलिंग पक्कं करायला घेतलं. शब्दाचा फोटो आधी निघाला, चेहरा नंतर बदलला.

काही अक्षरं मात्र कधीच वाजली नव्हती, ती विद्वानांनी मागाहून बसवली. कर्ज या अर्थाचा डेट फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता, लॅटिन ‘डेबिटुम’ची आठवण म्हणून त्यात ‘बी’ घातला गेला. शंकेच्या डाउटचंही तेच. बेट म्हणजे आयलंड, त्यातला ‘एस’ तर चक्क चुकीच्या व्युत्पत्तीने आला. आनंदाच्या डिलाइटमधलं ‘जी-एच’ प्रकाशाच्या लाइटकडे बघून चिकटवलेलं आहे. मुलं डेटमधला ‘बी’ विसरतात तेव्हा ती नकळत जुनं स्पेलिंगच लिहीत असतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आपल्याकडेही न वाजणारी खूण होती. ‘नाम’पासून ‘नांव’, ‘पंच’पासून ‘पांच’, यांवरचे अनुस्वार एका जुन्या अनुनासिकाची निशाणी होते. कोकणीत ‘नांव’, ‘गांव’ आजही नाकातूनच येतात. प्रमाण मराठीत तो उच्चार राहिला नव्हता, म्हणून मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. मला तो निर्णय योग्य वाटतो, जरी जुन्या पुस्तकातलं ‘नांव’ दिसलं की मी क्षणभर थांबतो.

इंग्रजीतही प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने नांगराच्या ‘प्लाउ’मधलं ‘जी-एच’ काढून तिथे ‘डब्ल्यू’ बसवला, तो तिकडे टिकला. १९०६ मध्ये अँड्र्यू कार्नेगीच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या मंडळाने तीनशे सोप्या स्पेलिंगांची यादी काढली, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूमही दिला. काँग्रेसने तो हाणून पाडला. सर्वांनी मानावं असं मंडळ इंग्रजीला नाही, आणि लंडन, एडिनबरा, न्यूयॉर्क यांपैकी कुणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचं हेही ठरत नाही. शिवाय ‘के’ गेला तर सरदार आणि रात्र यांच्यात फरक उरत नाही, आणि गाठीचं ‘नाही’ होतं, भाचीच्या वहीत झालं तसं.