व्यभिचाराची फ्रेंच कॉमेडी आणि तिच्यामागचा कायदा

पॅरिसमधली एक उंच इमारत. खिडकीबाहेरच्या अरुंद कठड्यावर, अंगात फक्त बाथरोब, असा एक संसारी सरकारी अधिकारी उभा. इव्ह रोबेर दिग्दर्शित ‘अँ एलेफाँ, सा त्राँप एनॉर्मेमाँ’ (१९७६) हा फ्रेंच चित्रपट इथून सुरू होतो. लाल पोशाखातल्या एका बाईच्या नादाने एतिएन (जाँ रोशफोर) इथवर कसा आला, ते मग उलगडत जातं.

असा लपणारा प्रियकर फ्रेंच रंगभूमीवर कधीचा रुळलेला होता. पण त्या विनोदाला धार आणली ती कायद्याने, असं माझं ठाम मत आहे. १८१०च्या दंडसंहितेत व्यभिचार हा गुन्हा होता आणि न्याय उघडउघड एकतर्फी. बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्याने मात्र रखेल राहत्या घरात आणून ठेवली तरच गुन्हा, तोही दंडावर भागणारा. घरात रंगेहाथ सापडलेल्या बायकोचा नवऱ्याने खून केला, तर त्याला सवलत! १८१६पासून घटस्फोटही बंद होता. १८८४मध्ये तो पुन्हा मिळाला; व्यभिचार हे त्याचं एक कारण ठरलं आणि पोलीस अधिकारी पंचनाम्यासाठी खोलीच्या दारावर थाप मारू लागला.

नाटककार जॉर्ज फेदोने हाच अधिकारी रंगमंचावर आणला. ‘ल दँदाँ’ (१८९६) या त्याच्या फार्समध्ये जोडपं पलंगावर येताच कळावं म्हणून हॉटेलच्या गादीखाली घंटा लावून ठेवतात. पण त्या गादीवर झोपायला जाते एका लष्करी डॉक्टरची बहिरी बायको! घंटा वाजत राहते, माणसं धावत येतात, आणि तिला पत्ताच नाही.

११ जुलै १९७५च्या कायद्याने व्यभिचार गुन्हा उरला नाही, खुनाची ती सवलत गेली, परस्परसंमतीने घटस्फोट मिळू लागला. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. त्यात प्रेयसीचा नवरा अचानक येतो, पण पंचनामा करायला कोणी येत नाही. खाली जमते बघ्यांची गर्दी, अग्निशमन दल आणि टीव्हीचे कॅमेरे. भीती आता तुरुंगाची नाही, शोभा होण्याची आहे. एतिएनचा बाहेरख्याली मित्र बूली तर एके दिवशी घरी येतो, तेव्हा बायको मुलांना आणि सामानसुमानाला घेऊन निघून गेलेली असते.