अंटार्क्टिकाच्या जहाजावर चढायच्या आधी: मेडिकल फॉर्म, यलो फीव्हर, इन्शुरन्स आणि थंडीची तयारी (नाशिकहून जाणाऱ्यांसाठी)

गोल्फ क्लबवर सकाळी चालताना हल्ली कुणी ना कुणी थांबवतं, काकू तुम्ही अंटार्क्टिकाला जाऊन आलात ना, जॅकेट कुठून घेतलं? जॅकेटचं सांगते खाली सगळं, पण आधी कागदांचं सांगू द्या, कारण जॅकेट बऱ्याच कंपन्या जहाजावर देतात, कागद तिथे कुणी देत नाही. आम्ही दोघं गेलो तेव्हा मी ५९ आणि हे ६४, ह्यांना डायबिटीस, शिवाय २०१९ ला एक स्टेंट बसलेला. म्हणजे ज्यांना वाटतं की आपल्याला कुठलं जमतंय, त्यांच्यातलेच आम्ही.

वयाची वरची अट शक्यतो कुठे नसते. अट असते ती स्वतःच्या पायाने जहाजाच्या बाजूची शिडी उतरून रबरी बोटीत बसता येण्याची. या बोटीला झोडिॲक म्हणतात, एकात दहाएक माणसं बसतात, खाली पाणी हलतंय, बोट वरखाली होतेय आणि खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं मनगट धरायचं, हात दिल्यासारखा तळवा धरायचा नाही, तो निसटतो. दिवसातून दोनदा हे करायचं. किनाऱ्यावर उतरताना घोटाभर पाण्यात पाय टाकायचा, खाली गोटे आणि बर्फ. गुडघे फारच दुखत असतील तर बुकिंगच्या आधी कंपनीला स्पष्ट विचारा, काही जहाजांवर फक्त बोटीतून फेरी मारायची सोय असते. गरोदर बायकांना ठरावीक आठवड्यांनंतर घेत नाहीत, लहान मुलांचं किमान वय कंपनीप्रमाणे बदलतं, ते विचारून घ्या.

आता एवढी चौकशी का करतात ते समजून घ्या, मग फॉर्म भरताना कंटाळा येणार नाही. जहाज सुटतं अर्जेंटिनाच्या उशुआयाहून. तिथून ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, सगळ्यात अरुंद ठिकाणी साधारण ८०० किलोमीटर, जायला सुमारे दोन दिवस आणि यायला तेवढेच. जहाजावर डॉक्टर असतात, छोटा दवाखाना असतो, ऑक्सिजन, सलाईन, ईसीजी वगैरे. ब्लड बँक नाही, सीटी स्कॅन नाही, अँजिओग्राफी तर विसराच. कुणाला खरंच हलवायची वेळ आली तर बहुतेक वेळा अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीवरून विमानाने चिलीतल्या पुंता अरेनासला नेतात, आणि ते विमान हवामान उघडलं तरच उतरतं. धुकं असेल तर थांबायचं, नाहीतर जहाजच मागे फिरवायचं. इथे आपण छातीत दुखलं तर पंधरा मिनिटांत मुंबई नाक्याला कुठल्यातरी हॉस्पिटलात असतो. तिथे दोन दिवसही लागू शकतात.

म्हणून तो मेडिकल फॉर्म. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि एक तुमच्या डॉक्टरांनी. तुमच्या भागात बीपी, शुगर, हार्ट, दमा, फिट्स, ऑपरेशन्स, ॲलर्जी, मानसिक आजाराची औषधं, झोपेत मशीन लावता का, काठी लागते का, सगळं विचारतात. निघायच्या साधारण दोन-तीन महिने आधी द्यावा लागतो, कंपनीची तारीख बुकिंगच्या कागदावर असते ती पाळा. तो पाहून त्यांचे डॉक्टर आणखी रिपोर्ट मागू शकतात, नकारही देऊ शकतात.

आणि इथेच आमच्या बाबतीत जे झालं ते मला मनापासून सांगायचंय. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्या एजंटने फोनवर सांगितलं, काकू स्टेंटचं लिहू नका, सहा वर्षं झाली, आता नॉर्मलच आहेत ना काका, उगाच प्रश्न विचारत बसतात आणि फाइल अडकते. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. हे पण म्हणाले जाऊ दे. मग आम्ही फॉर्म घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, वीस वर्षांची ओळख, त्यांनी चहा सांगितला, पेन उघडलं, आणि सही करणार तेवढ्यात मी सहज म्हटलं, डॉक्टर, तिथे चार-पाच दिवस हॉस्पिटल नाही बरं का. त्यांनी पेन परत बंद केलं. म्हणाले उद्या सकाळी उपाशीपोटी या, आणि येताना २०१९ ची डिस्चार्ज समरी आणा. ईसीजी झाला, इको झाली, स्ट्रेस टेस्टला पाठवलं, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी केली, एक गोळी बदलली, आणि मग त्यांनी फॉर्मवर सगळं खरं लिहून सही केली. कंपनीच्या डॉक्टरांकडून एक मेल आला, दोन प्रश्न होते, उत्तर दिलं, आठवड्यात होकार आला. फाइल वगैरे काही अडकली नाही.

लपवून गेलो असतो आणि तिथे काही झालं असतं तर इन्शुरन्स कंपनीने पहिल्यांदा जुने रिपोर्ट मागितले असते आणि क्लेम नाकारला असता, आणि विमानाने हलवायचा खर्च लाखो रुपयांत जातो हे नंतर कळलं. त्यामुळे कुणीही सांगितलं तरी आजार लपवू नका. माणूस आपला आहे, एजंटची फाइल एजंटची आहे.

डॉक्टरांकडून औषधांची यादी इंग्रजीत, लेटरहेडवर आणि जेनेरिक नावांनी लिहून घ्या. आपल्या ब्रँडची नावं परदेशी डॉक्टरला कळत नाहीत, मेटफॉर्मिन लिहिलं की कुणालाही कळतं. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, आपण आठवड्याच्या डबीत काढून ठेवतो तशा सगळ्या नेऊ नका. जितके दिवस ट्रिप त्याच्या दुप्पट घ्या, निम्म्या तुमच्या हँडबॅगेत आणि निम्म्या जोडीदाराच्या, चेक-इन बॅगेत एकही नको, कारण बॅग ब्युनॉस आयर्सला राहिली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. इन्सुलिन असेल तर थंडीत गोठू देऊ नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नसतं.

इन्शुरन्स. मेडिकल इव्हॅक्युएशन कव्हर, म्हणजे आजारी माणसाला तिथून हलवायच्या खर्चाचं, सक्तीचं असतं, किती डॉलरचं ते कंपनी ठरवते, एक-दोन लाख डॉलर किंवा जास्त मागतात. आपल्याकडच्या पॉलिसीवर वर्ल्डवाइड लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, आतल्या पानांवर अंटार्क्टिका वगळलंय का, एक्स्पिडिशन क्रूझ वगळलीय का, आणि आधीपासूनच्या आजाराला कितपत कव्हर आहे, हे तीन प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या. फोनवर हो हो म्हणणाऱ्याचं नाव नंतर कुणाला आठवत नाही.

यलो फीव्हर, म्हणजे डासांमुळे पसरणारा ताप, त्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोक म्हणतात बर्फात कुठला आला डास. बरोबर, अंटार्क्टिकात नाही, आणि अर्जेंटिनात शिरतानाही आपल्याकडून लस घेतल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे पिवळं कार्ड, मागत नाहीत. मागतात ते भारतात परत आल्यावर. भारताच्या यादीत अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे देश यलो फीव्हरचे धरलेले आहेत, तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत इथे उतरलात आणि पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच क्वारंटाइनला नेऊ शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रावर मिळते, मुंबईत विमानतळाच्या आरोग्य विभागाचं केंद्र आहे, बाकी यादी आरोग्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते. अपॉइंटमेंट घेऊन ओरिजिनल पासपोर्टसकट जा, एका दिवसात कसारा घाटाने जाऊन-येऊन होतं. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा.

पण साठीच्या पुढच्यांनो, ही लस जिवंत विषाणूची आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर रिॲक्शनचा धोका थोडा वाढतो, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ती बहुधा देतच नाहीत. म्हणून रांगेत लागायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ह्यांच्याबाबतीत डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघून मगच हो म्हटलं. फ्लूची लस पण घेऊन ठेवा, जहाजात सगळे एकाच डायनिंग हॉलमध्ये जेवतात, आणि चढायच्या दिवशी ताप, उलट्या, जुलाब आहेत का असा फॉर्म भरून घेतात.

व्हिसाचं थोडक्यात. अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो, १९५९ च्या अंटार्क्टिक करारामुळे तो कुणा एका देशाचा नाही, आणि तिथे जायची परवानगी जहाज कंपनी घेते, प्रवाशाने अर्ज करायचा नसतो. अर्जेंटिनाचे नियम मात्र बघायला लागतात, अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांना सवलत मिळते, बाकीच्यांसाठी मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा.

आणखी एक घोषणापत्र असतं, बायोसिक्युरिटीचं, म्हणजे बाहेरचं बी-बियाणं तिथे नेत नाही याचं. यावर सही करायच्या आधी जहाजावर सगळ्यांचे बाहेरचे कपडे, बॅगा, बूट, ट्रायपॉड तपासतात आणि व्हॅक्यूम करतात. आपण नाशिककर हरिहरला, ब्रह्मगिरीला जातो, आपल्या ट्रेकच्या मोज्यांत आणि बॅगेच्या वेल्क्रोत कुसळं घट्ट बसलेली असतात. माझ्या सॅकच्या पट्ट्यातून तिथल्या पोरीने चिमट्याने अकरा कुसळं काढली आणि एका पाकिटात ठेवली, मला फार वाईट वाटलं, कारण मी घरी झटकून नेली होती. किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं एक गवत आधीच रुजलेलं आहे, म्हणून ते एवढं जपतात. घरीच जुना टूथब्रश आणि सुई घेऊन बसा, द्राक्षबागेत घातलेले बूट तर नेऊच नका. पर्यटन कंपन्यांची आयाटो म्हणून संघटना आहे, १९९१ पासूनची, तिचे नियम सगळे पाळतात: एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. बर्ड फ्लू तिकडे पोचल्यापासून जमिनीवर बसायचं, गुडघे टेकायचे किंवा बॅग ठेवायचीही बंदी आहे. किनाऱ्यावर खायला काही न्यायचं नाही. टॉयलेटही नाही, त्यामुळे लघवीची गोळी घेणाऱ्यांनी वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना आधीच विचारा.

बोट लागण्याचं. गडाच्या घाटात ज्यांना एसटी लागते त्यांनी गृहीतच धरा. ॲव्होमिन आपल्या ओळखीची आहे पण तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर अशी औषधं विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. कुठलीही गोळी घरी एकदा घेऊन बघा, आणि ड्रेकमध्ये उलटी सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर ती पोटात टिकत नाही.

आता थंडी. खरं सांगू का, उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये, जहाजं जातात त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर पारा साधारण उणे ५ ते ५ च्या दरम्यान असतो. निफाडला डिसेंबरात ४-५ होतो तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, ती थंडी आपण पाहिलेली आहे. तिथे मारतो तो वारा आणि ओल. पारा शून्यावर असला आणि वारा ताशी ४० किलोमीटर असला तर अंगाला साधारण उणे ७ लागतं, त्यात बोटीत बसून तोंडावर पाणी उडतं. म्हणून एक जाड स्वेटर कामाचा नाही, थर लागतात. अंगाला चिकटून मेरिनो लोकरीचं किंवा थर्मल, वर फ्लीस, वर वॉटरप्रूफ. सुती बनियन आणि सुती मोजे अजिबात नको, घाम धरून ठेवतात आणि मग आतूनच गार करतात. वॉटरप्रूफ जॅकेट आणि गमबूट बऱ्याच कंपन्या देतात, पण वॉटरप्रूफ पँट तुम्हालाच न्यावी लागते आणि लोक नेमकी तीच विसरतात, ती गमबुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली तर बुटात पाणी भरतं. हातमोजे दोन थरांचे, पातळ आणि वर जाड, जास्तीची एक जोडी. गॉगल चांगला यूव्हीचा, सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी. बर्फावरून ऊन वर येतं, ह्यांची हनुवटी खालून भाजली होती.

तयारी दोन महिने आधीपासून करा. आम्ही आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचो, उतरताना कठडा न धरता, आणि घरी दात घासताना एका पायावर उभं राहायचो.

तिसऱ्या दिवशी बोटीत ह्यांना घाम फुटला आणि हात थरथरायला लागले, शुगर उतरल्यासारखं. ग्लुकोमीटर काढला तर एरर, कारण ती यंत्रं फार थंडीत चालतच नाहीत, बऱ्याच मीटरना किमान १० अंश तरी लागतं. पण फॉर्मवर डायबिटीस लिहिलेला होता, जहाजाच्या डॉक्टरांनी आधीच ह्यांना ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवायची परवानगी दिली होती, आणि बोट चालवणाऱ्या मुलीला ते माहीत होतं. तिने वायरलेसवर दोन शब्द सांगितले आणि बोट वळवली. गोळ्या चघळल्या, मीटर मी माझ्या काखेत धरला, दहा मिनिटांनी तो सुरू झाला, ६८ आली. जहाजावर पोचेपर्यंत हे बोलायला लागले होते. तेव्हापासून मीटर जॅकेटच्या आतल्या खिशातच राहिला.

जानेवारीत जायचं असेल तर गणपती झाले की लागा. आधी मेडिकल फॉर्म आणि तपासण्या, मग लस, इन्शुरन्सचे मेल सोबतच चालू ठेवा. आणि दात एकदा दाखवून घ्या, जहाजावर डेंटिस्ट नसतो, रूट कॅनल निघालं तर तीन-चार सीटिंग लागतात आणि दिवाळीत दवाखाने बंद असतात.