डेड लेटर्स

डेड लेटर्स : ‘द रासमस’ या हेलसिंकीच्या रॉक बँडचा पाचवा स्टुडिओ अल्बम. मार्च २००३ मध्ये तो आधी फिनलंडमध्ये निघाला आणि पुढच्या वर्षभरात युरोपभर पसरला. मायदेशापुरत्या माहीत असलेल्या या चौकडीला बाहेरच्या जगात नाव मिळाले ते याच अल्बममुळे.

पत्ता न सापडल्याने टपाल खात्यात पडून राहणाऱ्या पत्रांना ‘डेड लेटर्स’ म्हणतात. अल्बममधील दहा गाणी म्हणजे अशीच कोणाकोणाला उद्देशून लिहिलेली, पण पोहोचतील याची खात्री नसलेली पत्रे, अशी यामागची कल्पना. ती ताणून धरलेली नाही. गाण्यांतून सलग कथा शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. अपराधगंड, दुरावा आणि एकटेपणा एवढेच समान सूत्र आहे.

बँडची सुरुवात १९९४ मध्ये शाळकरी मुलांनी केली. पहिला अल्बम १९९६ चा, म्हणजे गायक लाउरी युलोनेन जेमतेम सतरा वर्षांचा असतानाचा. तेव्हाचे त्यांचे संगीत फंकच्या, म्हणजे ठेक्यावर भर देणाऱ्या नाचऱ्या शैलीच्या, अंगाने जाणारे, उड्या मारणारे आणि बरेचसे खट्याळ होते. १९९९ मध्ये ड्रमवादक अकी हाकाला आला. पुढे, ‘रासमस’ याच नावाचा एक स्वीडिश डीजे असल्याने बँडच्या नावाआधी ‘द’ लागला. गिटारवर पाउली रान्तासाल्मी आणि बेसवर एरो हेइनोनेन होते. २००१ च्या ‘इन्टू’ या अल्बमपासून मिकाएल नॉर्ड आंदरसन आणि मार्टिन हान्सेन हे स्वीडिश निर्माते सोबत आले आणि फंक मागे पडले. त्याच जोडीने ‘डेड लेटर्स’ घडवला. स्वीडिश पॉपमधला नेटकेपणा आणि फिनिश उदासी यांचा हा संगम आहे. फिनलंडमध्ये टँगोसारखे नाचाचे संगीतही मायनर, म्हणजे उदास छटेच्या, स्वरांत रमते, हे लक्षात घेतले तर ही उदासी आयात केलेली वाटत नाही.

अल्बमचे भाग्य बदलले ते ‘इन द शॅडोज’ने. दाबून छेडलेल्या तारांची गिटार, तिच्यावर शब्दांशिवायची ‘ओ-ओ’ची ओळ, आणि कडव्यात दबक्या आवाजात चाललेले गाणे ध्रुवपदात एकदम मोकळे होते. इंग्रजी न कळणाऱ्यालाही पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता यावे अशी ही रचना आहे. गाण्यासाठी एकाहून अधिक व्हिडिओ तयार झाले. केसांत कावळ्याची पिसे खोवलेला युलोनेन संगीतवाहिन्यांवर सारखा दिसू लागला. २००४ मध्ये हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तर अल्बमने जर्मनीत अव्वल स्थान गाठले. ‘इन माय लाइफ’, ‘फर्स्ट डे ऑफ माय लाइफ’, ‘गिल्टी’ आणि ‘फ्युनरल साँग’ ही गाणीही सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुटी, निघाली, पण त्यांतील एकालाही तेवढी उंची गाठता आली नाही.

पिसे आणि काळ्या कपड्यांमुळे या अल्बमला सर्रास ‘गॉथिक’, म्हणजे काळोख्या, गूढ शैलीचा, म्हटले गेले. संगीतापेक्षा पोशाखाला ते जास्त लागू पडते. त्याच काळात युरोपात गाजत असलेल्या ‘एचआयएम’ आणि ‘नाइटविश’ या फिनिश बँडांशी तुलना झाली, तीही अर्धवटच खरी. ‘एचआयएम’चा जड, संथ रोमँटिकपणा किंवा ‘नाइटविश’चा ऑपेरा येथे नाही, येथे आहे ते रेडिओसाठी घासूनपुसून चकाकवलेले, अंधारी छटा असलेले पॉप-रॉक. हा चकाकपणा काहींना खटकतो. ‘नॉट लाइक द अदर गर्ल्स’सारख्या सावकाश उलगडणाऱ्या गाण्यात मात्र तो आड येत नाही.

२००५ चा ‘हाइड फ्रॉम द सन’ आणि २००८ चा ‘ब्लॅक रोझेस’ यांनी हीच वाट पुढे नेली. २०२२ मध्ये बँडने ‘जेझेबेल’ हे गाणे घेऊन युरोव्हिजन या गीतस्पर्धेत फिनलंडचे प्रतिनिधित्व केले. त्या वर्षी स्पर्धा जिंकणाऱ्या युक्रेनच्या ‘कालुश ऑर्केस्ट्रा’बरोबर त्यांनी नंतर ‘इन द शॅडोज’चीच नवी आवृत्ती काढली, ‘इन द शॅडोज ऑफ युक्रेन’ या नावाने.